जादा ससाणा

आमच्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, मागच्या बाजूच्या छज्ज्यावर, एक प्लॅस्टिकचा ससाणा आहे. कबुतरांना धाक बसावा म्हणून सात वर्षांपूर्वी तो बसवला. धाक बसला. चार दिवस. पाचव्या दिवशी एक कबुतर त्याच्या शेजारी बसलं, सहाव्या दिवशी डोक्यावर. तेव्हापासून त्याची अवस्था घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी आहे: ऐकत कुणी नाही, पण खांद्यावर बसायला सगळे तयार.

वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून तो एका पसरट ट्रेमध्ये रोवून ट्रेभर बारीक खडी ओतली आहे. खडीची सूचना माझी. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मान्य झालेली माझी ती एकमेव सूचना, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मी या इमारतीचा देखभाल पर्यवेक्षक. वर्षातून एकदा इमारतीतली प्रत्येक वस्तू जागेवर जाऊन पाहायची आणि जडवस्तूंच्या नोंदवहीत तिच्यापुढे "समक्ष पाहिले" असं लिहून सही करायची, हे माझं काम. गेली बारा वर्षं मी तळघरातल्या पंपापासून गच्चीवरच्या विजेच्या सळईपर्यंत प्रत्येक ओळीपुढे ते लिहीत आलो आहे. पंपाच्या बाबतीत ते खरं असतं.

बाकीच्या बाबतीत अडचण अशी की, मला उंचीची भीती वाटते. खिडकी बंद असेल आणि माझी पाठ तिच्याकडे असेल तर मी कितव्याही मजल्यावर बसू शकतो. पण गच्ची, छज्जा, शिडी यांचं नाव काढलं की माझे गुडघे माझ्याशी सल्लामसलत न करता निर्णय घेतात. माणूस यावर मार्ग काढतो. गच्चीवर टाकी आहे की नाही हे नळ सोडला की कळतं. विजेची सळई फुटपाथवरून दिसते. आणि मागच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानासमोर उभं राहून दुर्बीण लावली की ससाणाही दिसतो. दुर्बीण माझी स्वतःची आहे. तिची कुठेही नोंद नाही.

गेल्या वर्षी दुर्बीण लावली आणि दोन ससाणे दिसले.

मी काच पुसली. दोनच. एक उन्हानं विटलेला, तो आपला. दुसरा नवाकोरा: पाठ पाटीच्या रंगाची, छातीवर बारीक पट्टे, गालांवर काळ्या मिशा. रंगकाम उत्तम होतं. मी दहा मिनिटं पाहत राहिलो. दोघंही हलले नाहीत. पण ज्यानं सव्वीस वर्षं ऑफिसात काढली आहेत त्याला, कुणी दहा मिनिटं हललं नाही म्हणून शंका येत नाही.

आता, आमच्याकडे एखादी वस्तू कमी भरली तर त्याचा छापील फॉर्म आहे. जास्त भरली तर फॉर्म नाही. कमी भरणं म्हणजे चोरी, आणि चोरी समजण्यासारखी गोष्ट आहे. जास्त भरणं म्हणजे कुणीतरी कुणाला न सांगता चांगली वस्तू आणून ठेवली. याचा अर्थ कसा लावायचा? मी तर्क केला की भांडारवाल्यांनी परस्पर दुसरा बसवला आणि आम्हाला कळवलं नाही. भांडारवाले आम्हाला कधीच काही कळवत नाहीत, त्यामुळे तर्क भक्कम होता. मी लिहिलं: "कृत्रिम ससाणा. नोंद एक, प्रत्यक्षात दोन. जादा एक. समक्ष पाहिले." खाली सही.

संध्याकाळी वही साहेबांकडून परत आली. खाली लाल शाईत होतं: "दोन्ही ससाणे ट्रेसह काढावेत. सोमवारी बाहेरच्या भिंती धुण्याचे काम सुरू होत आहे, त्यातच हा छज्जा पाण्याच्या माऱ्याने साफ करावा. नंतर एक ससाणा परत बसवावा."

हे बुधवारी झालं. गुरुवारी आईचा डोळा होता.

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवड्यापूर्वी झालं होतं, त्याची तपासणी. डोळ्यांचा दवाखाना आमच्या ऑफिसच्या मागेच, गल्लीपलीकडच्या इमारतीत, बाराव्या मजल्यावर आहे. ज्यांना नीट दिसत नाही त्यांना बाराव्या मजल्यावर बोलावून काय दाखवायचं असतं, हे मला कधी कळलं नाही. मी खिडकीकडे पाठ करून एक जुनं मासिक वाचत बसलो. आई खिडकीशी उभी राहिली. ऑपरेशन झाल्यापासून ती जिथे तिथे खिडकीशी उभी राहते आणि दिसेल ते वाचून दाखवते.

"गुंड्या," ती म्हणाली. मला घरात गुंड्या म्हणतात. त्या नावात जेवढी दहशत आहे तेवढीच माझ्या वाट्याला आली आहे. "तुमच्या त्या प्लॅस्टिकच्या पाखराला चावी द्यावी लागते का रे?"

"नाही गं. का?"

"मान फिरवली त्यानं."

"आई, भिंग नवीन आहे. डॉक्टर म्हणाले ना, सुरुवातीला चमकल्यासारखं होईल."

"चमकल्यासारखं होईल म्हणाले. मान फिरवेल असं नाही म्हणाले."

काउंटरवरच्या नर्सनं मायेनं विचारलं, "आजी, थेंब वेळेवर घालताय ना?"

"घालते की. आमची सूनबाई घड्याळ लावून घालते, मी झोपले असले तरी घालते. हे बघ, आता पंख झटकतंय."

मी पान उलटलं.

"अगं बाई! गेलं!"

"काय गेलं?"

"कबुतर. आत्ता इथनं उडत चाललं होतं. वरनं काहीतरी आलं, दगड पडावा तसं, आणि आता नुसती पिसं आहेत." मग जरा थांबून, "दुसरा आला, गुंड्या. कबुतर घेऊन आला तिच्यासाठी. आता तिघं झाले. एक आणतोय, एक खातेय, आणि तो तिसरा नुसता बसून आहे. तो तुमच्या ऑफिसचा असणार."

मासिक माझ्या हातून खाली पडलं.

"आणि ती उठली ना, तर खाली अंडी आहेत रे. त्या खडीत. एक... दोन... चार. विटकरी रंगाची."

मी खिडकीपर्यंत गेलो नाही. खिडकीच्या चार पावलं अलीकडे एक खांब होता, त्याला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं पिशवीतली दुर्बीण काढून लावली. माझा जादा ससाणा, नवाकोरा, उत्तम रंगकामाचा, खडीवर अलगद खाली बसत होता. बसताना अंग डावी-उजवीकडे हलवून जागा करून घेत होता. गादीवर आजी बसते तसा. प्लॅस्टिकची कोणतीही वस्तू असं करत नाही.

सोमवारी त्या गादीवर पाण्याचा मारा होणार होता. आणि तो होणार होता माझ्या सहीनं.

मी खांब न सोडता फोनमधून फोटो काढला आणि आईला रिक्षात बसवून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब वाईट माणूस नाही. फक्त कागदावर जे आहे ते जगात असतं आणि बाकीचं यथावकाश येतं, अशी त्यांची श्रद्धा आहे.

"हे काय?" त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "डाग?"

"ससाणे, साहेब. एक आपला. दुसरी मादी आहे. अंडी घातली आहेत. ट्रेमध्ये."

साहेबांनी वही उघडली. "तुम्ही काल लिहिलंय, कृत्रिम. समक्ष पाहिले. काल समक्ष पाहिलेला प्लॅस्टिकचा ससाणा आज अंडी कशी घालतो?"

प्रश्न रास्त होता. उत्तरही मला येत होतं. अकरा वर्षं येत होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आईनं पाहिलं, साहेब. समोरच्या दवाखान्यातून."

"कुठल्या दवाखान्यातून?"

"डोळ्यांच्या."

साहेबांनी चष्मा काढला. "हे बघा. समोरच्या इमारतीतून बघितलेलं समक्ष होतं का? असं चालवून घेतलं तर उद्या कुणीही फुटपाथवर उभं राहील आणि तिथून सह्या करेल."

"बरोबर आहे, साहेब," मी म्हणालो.

"धुलाईवाल्यांची तारीख तीन महिने मागून मिळाली आहे. डागांसाठी ती मी सोडणार नाही. शनिवारी दुपारपर्यंत समक्ष पाहणीचा नवा अहवाल आणा, जवळून काढलेल्या फोटोंसकट. मग बघू. तुम्हाला काय, तुमचं रोजचंच काम आहे."

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, मग जा की. अकराव्या मजल्यावरून दार आहे ना छज्ज्यावर जायला?"

"छज्जा अडीच फुटांचा आहे."

"तुम्ही आडवे चालणार आहात का?"

"आणि कठडा गुडघ्याएवढा."

"सातवीत असताना शाळेच्या टाकीवर चढला होता हा," आई म्हणाली. ही गोष्ट बायकोनं लग्न झाल्यापासून साधारण चाळीस वेळा ऐकली आहे, तरी तिनं वाढायचं थांबवून कान दिला. "उतरता येईना. शेवटी बंबवाले आले. टाकीला अशी घट्ट मिठी मारली होती, आणि टाकीलाच म्हणत होता, आई, आई. मी खाली उभी होते, माझ्याकडे बघेना."

"आई, आता तो विषय..."

"विषय तोच आहे." तिनं ताट बाजूला सारलं. "चार वर्षं मी ऑपरेशन पुढं ढकललं. जाग्या माणसाच्या डोळ्यात कुणी सुरी घालणार, नुसतं मनात आलं तरी हातपाय गार पडायचे. तेव्हा कोण म्हणत होतं, आई, दहा मिनिटांचं काम आहे, डोळा उघडा ठेवायचा आणि मनात दुसरंच काहीतरी आणायचं?"

"मी म्हणत होतो. चांगलंच झालं ना?"

"झालं."

"मग मनात काय आणलंस तू तेव्हा?"

"तुला टाकीवरनं उतरवतात ते," आई म्हणाली. "हसू आलं. डॉक्टर ओरडले, हलू नका."

शनिवारी सकाळी अकराव्या मजल्यावरच्या त्या लोखंडी दाराशी भिंती धुणाऱ्या टोळीची मुकादम आपले दोर तपासत बसली होती. तिशीची बाई, मनगटं माझ्या दुप्पट. इमारतीत सगळे तिला दोरवाली म्हणत. मी येण्याचं कारण सांगितलं. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. त्यात फार वेळ गेला नाही.

"काका, पहिल्यांदाच?"

"मी पर्यवेक्षक आहे इथला. अकरा वर्षं."

"ते नाही विचारलं मी."

"पहिल्यांदाच," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा तिच्यापाशी बोललो, आणि आश्चर्य म्हणजे इमारत जागच्या जागी होती.

तिनं माझ्या कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळले, त्यांत दोर अडकवला. आवळता आवळता सांगितलं, "बहिरी ससाणा तो. गेल्या वर्षी एका बँकेच्या मनोऱ्यावर पाहिला होता, लटकता लटकता. त्याच्या हिशेबी ही इमारत नाही, काका. डोंगराचा कडा आहे. खाली कबुतरंच कबुतरं. आणि अंडी घालायला नुसती खडी लागते त्याला, काड्याबिड्या जमवत नाही. तुमच्याकडे ती आयती मिळाली."

"खडी माझीच," मी म्हणालो. आवाजात नको तेवढा अभिमान आला.

"मग तुम्हीच घरमालक."

"तुम्हाला हे सगळं माहीत आहे, तरी सोमवारी पाणी मारणार?"

"मला कागद येतो," ती म्हणाली. "कागदावर प्लॅस्टिक आहे. मी लटकते कागदावर. नुसत्या बोलण्यावर लटकले तर पुढच्या वेळी मला काम मिळणार नाही. जिवंत आहे असा कागद आणा, तेवढा छज्जा सोडून बाकीचा धुते." तिनं पट्ट्याला शेवटचा हिसका दिला. "चला. खाली बघू नका."

"मग कुठे बघू?"

"ज्याच्यासाठी आलाय त्याच्याकडे."

दार उघडलं. वारा आत आला आणि त्याच्याबरोबर खालच्या रस्त्याचा आवाज, जो इतक्या खालून येण्याची काहीच गरज नव्हती. मी चार पायांवर झालो. पर्यवेक्षकाला हे शोभत नाही, पण शोभण्यासाठी पाहणाऱ्याची नजर लागते आणि दोरवाली सौजन्यानं दुसरीकडे बघत होती. एक हात पुढे, एक गुडघा पुढे. डोळा उघडा ठेवायचा आणि मनात दुसरं काहीतरी आणायचं. मनात टाकी आली. दुसरं काही येईना, म्हणून टाकी घेऊनच पुढे सरकलो.

पाच-सहा हात गेलो असेन. डोक्यावर "कॅक-कॅक-कॅक" असा कर्कश आवाज झाला, कानाजवळून काहीतरी फडफडलं आणि माझी टोपी गेली.

"तो नर," मागून दोरवाली शांतपणे म्हणाली. "बास. आणखी पुढे नको, अंड्यांवरनं ती उठेल. तिथूनच काढा फोटो."

मी मान वर केली. समोर ट्रे. ट्रेमध्ये आमचा सहा वर्षांचा प्लॅस्टिकचा, नेहमीसारखा कुठेच न बघणारा. त्याच्या पायाशी ती. तिचा डोळा काळाभोर, भोवती पिवळं कडं. ती माझ्याकडे बघत होती. इतक्या समक्ष मला कुणीच कधी पाहिलं नव्हतं. तिच्या पोटाखालून एका अंड्याची विटकरी कड डोकावत होती. मी अकरा फोटो काढले. दोनांत माझा अंगठा आहे, एकात आभाळ. उरलेल्यांत ती आहे, आणि कुठल्याही श्रद्धेच्या माणसाला ती डाग वाटणार नाही.

मग पलीकडे काहीतरी हललं म्हणून मी बघितलं. गल्लीपलीकडे, बाराव्या मजल्यावरच्या खिडकीत, आई दोन्ही हात हलवत होती. शेजारी बायको. आईचा डोळा सकाळपासून खाजतोय म्हणून त्या दवाखान्यात आल्या होत्या. डोळा अजिबात खाजत नव्हता, हे मला नंतर कळलं, आणि डॉक्टरांना लगेच. काच बंद होती. आई काहीतरी मोठ्यानं बोलत होती. मी पट्ट्यावरचा हात काढला आणि तिला हात केला.

तेव्हा ध्यानात आलं की मी अकरा मजल्यांच्या पोकळीतून आरपार बघतोय. मग म्हटलं, आता बघतोच आहोत तर खालीही बघू. खाली चष्म्याचं दुकान होतं. त्याच्यासमोर फुटपाथचा तो तुकडा, जिथे उभं राहून मी इतकी वर्षं ही इमारत पाहिली. वरून तो फारच लहान दिसत होता.

यानंतर गुडघ्यांनी पुन्हा कारभार हातात घेतला. परत दारापर्यंत यायला मला वीस मिनिटं लागली, त्यातली शेवटची पाच दोरवालीनं पट्ट्याला धरून ओढत आणलं. पण हे अहवालात नाही.

अहवालात बाकी सगळं आहे. एका पानाचा आहे. शेवटच्या दोन ओळी लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला: "बुधवारची पाहणी मी रस्त्यावरून केली होती. छज्जा व गच्चीच्या आधीच्या सर्व पाहण्याही रस्त्यावरूनच केल्या होत्या."

साहेबांनी फोटो पाहिले. पान वाचलं. शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं.

"याची गरज होती का?" ते म्हणाले. "पक्षी आहे, फोटो आहे, विषय मिटला असता."

"त्या ओळी नसतील तर प्लॅस्टिकचा ससाणा अंडी घालतो, साहेब. कागदावर."

साहेबांना हे पटलं. न पटून सांगतात कुणाला; त्यांच्याच श्रद्धेतलं होतं. मला लेखी ताकीद मिळाली. माझ्या सेवापुस्तिकेत माझ्याबद्दल जे काही लिहिलं गेलं आहे त्यातला हा सर्वांत खरा कागद. आणि भिंती धुण्याच्या आदेशात एक ओळ वाढली: "अकराव्या मजल्याचा मागील छज्जा वगळून." सोमवारी दोरवाली माझ्या खिडकीबाहेरून खाली जाताना थांबली, तो कागद काचेवर लावून मला दाखवला आणि खाली गेली. माझी खिडकी दुसऱ्या मजल्यावर आहे. मी तिच्याकडे तोंड करून बसलो होतो.

चारांपैकी एक अंडं उबलं नाही. तीन पिल्लं निघाली, कापसाच्या बोळ्यांसारखी, आणि बघता बघता त्यांना मिशा फुटल्या. दवाखान्यात नर्सनं सगळ्या खुर्च्या खिडकीकडे वळवल्या. ऑपरेशन झालेले लोक एका डोळ्यावर पट्टी बांधून रांगेनं बसत आणि आई त्यांना समजावून सांगे. बरे झालेलेही पुढे पुढे येऊ लागले. डॉक्टर भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगण्याआधी विचारू लागले, "पिल्लं किती दिसतात?" तीन सांगितली की डोळा उत्तम. चार सांगितली तर पेशंट ऑफिसच्या ससाण्याला धरून सांगतोय का, हे आधी विचारावं लागे.

दोन पिल्लं एकाच सकाळी उडाली. तिसरं उडेना. ते प्लॅस्टिकच्या ससाण्याच्या डोक्यावर जाऊन बसलं आणि दोन दिवस बसूनच राहिलं. आईबाप समोरून कबुतर दाखवत घिरट्या घालत, पण हे खाली बघायचं आणि पुन्हा पंख मिटायचं.

"घाबरतंय," नर्स म्हणाली.

"उडेल," आई म्हणाली. "वेळ लागतो एकेकाला. कुणाला दोन दिवस, कुणाला चाळीस वर्षं." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. मी तिच्या शेजारीच होतो. तो खांब आता दोन पावलं मागे राहिला होता.

दुपारी, आम्ही डबा उघडला तेव्हा, आईनं एकदम माझं मनगट धरलं. प्लॅस्टिकचा ससाणा एकटा होता. सगळी खोली उठून उभी राहिली. एका डोळ्याच्या पंधरा माणसांनी आभाळ पिंजून काढलं आणि शेवटी आईलाच ते सापडलं, गल्लीच्या टोकाच्या उंच इमारतीवर बँकेची पाटी आहे, तिच्याही वर, जरा वेडंवाकडं, पण उडत.

या वर्षीच्या पाहणीला मी दोर बांधून गेलो. चार पायांवरच गेलो. एवढ्यात काही दोन होत नाहीत. वहीत लिहिलं: "कृत्रिम ससाणा. नोंद एक, प्रत्यक्षात एक. समक्ष पाहिले." जास्त भरलेल्या वस्तूंचा फॉर्म अजूनही निघालेला नाही, म्हणून त्याखालीच लिहिलं: "जादा तीन. उडून गेले. ट्रेमधील खडी विस्कटली आहे, नवीन टाकावी असे सुचवतो."

वही संध्याकाळी परत आली. खाली लाल शाईत होतं: "मान्य. खडी त्यांना चालेल अशीच आणावी. टाकताना मला बोलवावे. समक्ष पाहायचे आहे."